पहिल्या रविवारची भाकर

खडकेवाडी, ता. नेवासे
८ जुलै २०२४

प्रिय लुदिया,
सलाम.

परवा तुझा फोन आला होता. शेजारच्या काशीने तो माझ्या कानाला लावून धरला. मला फक्त घरघर ऐकू आली, पिठाच्या गिरणीसारखी. मी "बरी आहे, बरी आहे" म्हणत राहिले. नंतर काशी म्हणाली, तुम्ही बरी आहे म्हणत होता आणि ती विचारत होती पाऊस आहे का. तेव्हा यापुढे पत्र लिहीत जा. अक्षर मला अजून दिसतं.

दोन महिने होत आले. मी मुलाच्या आणि नातीच्या मातीला आले आणि चौथ्या दिवशी परत निघाले, हे लोकांना बरं वाटलं नाही. तुझ्याजवळ राहायला हवं होतं असं तुझी मावशी मला तोंडावर बोलली. पण तुझ्या घरात सिलासचा रेनकोट खुंटीला होता आणि चिमीच्या चपला दारात. तू त्या हलवत नव्हतीस आणि मला त्या ओलांडून जाता येत नव्हतं.

एक काम तुला सांगायचं आहे. पावसाळ्यानंतर माती बसली की दगड बसवायचा. दोघांना एकच दगड पुरेल, कबरी शेजारी शेजारीच आहेत. खाली वचन माझ्या मनाने घाल, ईयोबाच्या पहिल्या अध्यायातलं एकविसावं. देणाराही तोच, नेणाराही तोच, त्याचं नाव धन्य. सिलासच्या वडिलांच्या दगडावर तेच आहे. त्या वेळी सिलास चिमीपेक्षा लहान होता. बोट फिरवून फिरवून त्याने ते पाठ केलं होतं.

तिथल्या पाळकसाहेबांचं पत्र आलं. पहिल्या रविवारची प्रभुभोजनाची भाकर अजून तूच करतेस असं त्यांनी लिहिलं आहे. मैदा, दूध, थोडं तूप, मंद तवा, सुरीच्या पाठीने क्रूस. मी शिकवलेलं तसंच चालू आहे ना? नाताळात आले तेव्हा चिमी ओट्याजवळ मुठीत मीठ धरून उभी होती. "आता? आता?" विचारत होती. तू "थांब" म्हणालीस की मूठ आणखी घट्ट. मीठ घामाने ओलं होऊन बोटांना चिकटलं होतं.

जेवत जा.

तुझी आई


अंबरनाथ (प.)
२ ऑगस्ट २०२४

ती. आई,
सलाम.

पत्र मिळालं. पाऊस आहे. कबरस्तानात चिखल आहे. दगडाचं काम करणारा म्हणतो, दिवाळीपर्यंत हात लावू नका, दगड कलंडेल. तेव्हा ते पुढे बघू.

मी कामावर जायला लागले. पॅकिंग विभागातच आहे. रिक्षा अपघात झाला त्याच रस्त्याने जाते. मी डोळे मिटत नाही.

चर्चचे लोक येत असतात. आधी रोज यायचे, आता रविवारी. वरच्या मजल्यावरच्या उमाताई मात्र रोज डबा देतात. त्या सोमवारी शिवमंदिरात जातात. एकदा दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी चिमीच्या नावाने तिथे एक दिवा लावला. तुमच्यात चालतं का ते विचारायचं राहिलं. आता लावून झालाय." मी म्हटलं, राहू दे. त्या म्हणाल्या, "पाप लागत असेल तर माझ्या खात्यात." मग आम्ही दोघींनी चहा घेतला.

हो, भाकर मीच करते. तशीच.

पाकिटावर तुम्ही अजून माझ्या नावामागे सौ. लिहिता. पोस्टमन बघतो. त्याला माहीत आहे.

तुमची
लुदिया


खडकेवाडी
१९ ऑगस्ट २०२४

प्रिय लुदिया,
सलाम.

पोस्टमनला बघू दे. नवरा मेला म्हणून लग्न झालंच नव्हतं असं होत नाही. मी स्वतः माझं सौ. गेलं तेव्हा काही बोलले नाही, कारण त्या वेळी मी नोकरीत होते. चाळीस वर्षं बायबलबाई म्हणून गावोगाव वचन सांगत फिरले. बायबलबाईने भांडायचं नसतं. आता निवृत्त आहे.

तुझं पत्र मी महिला मंडळात वाचून दाखवलं. दिव्याचं सोडून. इतकं होऊनही ही बाई प्रभूच्या मेजाची भाकर चुकवत नाही, असं मी म्हटलं. शेवंताबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचा मुलगा दारूत गेला, तेव्हापासून ती चर्चला येत नव्हती. तुझ्यामुळे आली, असं म्हणायला हरकत नाही.

दगडाला दिवाळी चालेल. वचन मात्र नक्की कर. मी वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं आहे, कारागिराला तेच दे. ते लोक वेलांट्या खातात.

ईस्टरला मी येईन. पहाटे सगळी मंडळी कबरींवर उभी राहून गाते, तेव्हा आपली कबर उघडी दिसायला नको.

तुझी आई


अंबरनाथ (प.)
२४ नोव्हेंबर २०२४

ती. आई,
सलाम.

तीन महिने लिहिलं नाही. तुमची दोन कार्डं मिळाली. दोन्हींत दगडाबद्दल विचारलं आहे.

दिवाळीनंतर मी उल्हासनगरला गेले होते. फर्निचर बाजाराच्या मागे संगमरवराचं दुकान आहे, देवघरं, पाट्या आणि कबरीचे दगड एकाच ठिकाणी मिळतात. मालक सिंधी आहे, म्हातारा. त्याने मला खुर्ची दिली. म्हणाला, "बैठो बेटा. नाम लिखवाओ." मी दोन नावं सांगितली. तारीख सांगितली, अकरा मे. त्याने विचारलं, "दोनों की?" मी हो म्हटलं. त्याने लिहायचं थांबवून पंखा माझ्याकडे वळवला. मग म्हणाला, "क्रॉस तो आएगा ही. नीचे लाइन क्या डालनी है?"

तुमचा कागद माझ्या पर्समध्ये होता. मी तो काढला नाही. नंतर येते म्हणाले आणि उठले. पंखा माझ्याच दिशेला फिरत राहिला.

आई, ते वचन मला घालता येणार नाही. त्याने नेलं असं मी लिहून देणार नाही. टँकर वळणावर आला. सिलास बदलापूरला घरप्रार्थना घ्यायला गेला होता. चिमी हट्टाने बरोबर गेली, कारण तिला तिथे वचन म्हणून दाखवायचं होतं. तिने ते न चुकता म्हटलं, असं त्या घरातल्या बाईने मला सांगितलं. ते प्रार्थना करून परत येत होते. जाताना नाही, येताना. सगळं मागून झालं होतं. सुखरूप पोचव, हेसुद्धा मागितलं असेल. सिलास नेहमी शेवटी ते मागायचा.

आणि माझी पत्रं मंडळात वाचू नका. मी भाकर करते ते खरं आहे. मी ती खात नाही. जूनपासून खाल्लेली नाही. ताट माझ्यापर्यंत आलं की मी ते शेजारणीकडे देते. आमच्याकडे दिवे तसे मंदच असतात, सगळे मान खाली घालून असतात. कोणाच्या लक्षात येत नाही.

मग करतेस कशाला, असं तुम्ही विचाराल. करणं सोपं आहे. शनिवारी पीठ मळायचं, तवा ठेवायचा. बंद केलं तर सगळे घरी येतील, खुर्च्या गोल करून बसतील, आणि कोणीतरी म्हणेल की प्रभूला कोवळी फुलं आवडतात. ते मी ऐकलं आहे. एकदा पुरे.

शेवंताबाई पुन्हा यायच्या थांबल्या तर माझा इलाज नाही.

लुदिया


अंबरनाथ (प.)
९ जानेवारी २०२५

ती. आई,
सलाम.

दीड महिना झाला, तुमचं उत्तर नाही. नाताळचं कार्डही नाही. तुम्ही दुखावला असाल तर ते मला कळतं. लिहिलेलं मागे घेत नाही. पण तुम्ही बऱ्या आहात की नाही एवढं कोणाकडून तरी कळवा. काशीबाईंना फोन केला तर त्या म्हणतात, "म्हातारी ठीक हाय, पर बोलत न्हाई."

लुदिया


खडकेवाडी
२८ जानेवारी २०२५

प्रिय लुदिया,
सलाम.

अक्षर असं का ते आधी सांगते. डिसेंबरच्या सुरुवातीला मोरीत पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर परवा निघालं. काशीला तुला कळवू नको म्हणाले होते. तुला आणखी एक दवाखाना कशाला.

पण ते अर्धंच कारण. डाव्या हाताने चार ओळी लिहिता आल्या असत्या. तुझ्या पत्राला काय लिहायचं ते मला सुचलं नाही. मला सुचत नाही असं आजवर झालेलं नाही. लोकांच्या घरी मयत झाली की मी उंबऱ्यातूनच बोलायला सुरुवात करायचे.

तुझं पत्र वाचलं त्या दिवशी राग आला. दुसऱ्या दिवशीही होता. मग हात मोडला आणि घरी बसून राहिले. माझ्याकडेही माणसं आली. आमच्याकडेही खुर्च्या गोल करतात. ऐकू येत नाही याचा एवढा फायदा कधी झाला नव्हता. ओठ हलताना दिसत होते आणि मला कळत होतं काय चाललं आहे, कारण ती सगळी वाक्यं माझीच होती.

आमच्या तीन गावांना मिळून एकच पाळक आहेत, ते नाताळात आले. मेज मांडलं. मला न्यायला माणूस पाठवला. मी सांगितलं, पाय दुखतो. लुदिया, मोडला होता हात. मग पाळक स्वतः घरी आले, त्यांनी प्लास्टर बघितलं, पाय बघितला, आणि परत गेले. तेव्हा तू एकटी नाहीस एवढं कळवते. महिला मंडळात सांगण्यासारखं नाही.

मी शास्त्र वाचायचं सोडलेलं नाही. सवय आहे. पण पानं उलटताना एकच ठिकाण असं सापडतं की तिथे मला बसता येतं. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र. रडणारी स्तोत्रं पुष्कळ आहेत, पण ती शेवटी कुठेतरी उजळतात. हे उजळत नाही. रात्रंदिवस हाका मारल्या, उत्तर आलं नाही, माणसं गेली, अंधार राहिला, संपलं. चाळीस वर्षांत मी ते कोणाच्या घरी वाचलं नाही. वाचून काय उपयोग, असं वाटायचं. आता असं वाटतं की कोणीतरी ते लिहिलं, आणि दुसऱ्या कोणी ते फाडून टाकलं नाही. गाण्यांच्या पुस्तकात ठेवलं. म्हणजे तेही गायचं आहे. देवासमोर गायचं आहे, त्याच्या तोंडावर.

ईयोबाचं वचन राहू दे. ज्याच्या तोंडी ते शोभलं त्याच्या शोभलं. दगडावर वचन न घालता फक्त 'स्तोत्र ८८' एवढं घाल. तुला चालेल तर.

आणि एक मागते. फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारची भाकर करशील तेव्हा मेजावरून उरलेला एक तुकडा मला पाठव. पाळक पुन्हा येतील तेव्हा मी पुन्हा पाय दुखतो म्हणेन. तुझ्या हातची असेल तर कदाचित नाही म्हणणार.

तुझी आई


अंबरनाथ (प.)
५ फेब्रुवारी २०२५

ती. आई,
सलाम.

सोबत भाकर आहे. प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिमीच्या कंपासपेटीत ठेवली आहे, दुसरा डबा एवढा चपटा नव्हता. कर्कटक काढून घेतलं आहे. पेटी तुमच्याकडेच राहू दे.

हात शेकत जा. मनगट आहे, हयगय करू नका.

दुकानात जाऊन आले. म्हाताऱ्याने मला ओळखलं. मी चिठ्ठी दिली. त्याने वाचली आणि म्हणाला, "बेटा, ये नंबर क्या है? प्लॉट नंबर?" मी सांगितलं, आमच्या पुस्तकातलं गाणं आहे. म्हणाला, "तो गाना लिखवाओ ना, नंबर से किसको समझेगा." मी म्हटलं, ज्याला कळायचं त्याला कळेल. तो म्हणाला, सिंध सोडून आले तेव्हा त्याच्या आजीने येताना वाटेत मेलेल्या धाकट्या मुलाच्या जागेवर फक्त एक वीट ठेवली होती. नावसुद्धा नाही. एवढंच बोलला आणि माप घ्यायला लागला.

पाळकसाहेबांना मी आधी सांगितलं, नंतर कळलं तर वाईट वाटेल म्हणून. ते बराच वेळ टेबलावरचा कागद सरळ करत होते. म्हणाले, "लुदियाबाई, कबरस्तानात लोक आशा शोधायला येतात. हे उघडून बघतील."

मी म्हटलं, बघू देत.

म्हणाले, "मार्थाबाईंना मान्य आहे?"

मी म्हटलं, त्यांनीच सुचवलं.

मग ते म्हणाले, "मार्थाबाईंनी मला पंधराव्या वर्षी स्तोत्रं पाठ करायला लावली होती. हे लावलं नव्हतं." आणि हसले. परवानगी दिली.

लुदिया


खडकेवाडी
३ मार्च २०२५

प्रिय लुदिया,
सलाम.

पेटी पोचली. भाकरीचा चुरा झाला होता. पोस्टाने बहुतेक तिच्यावर बसून प्रवास केला. मी फडकं पसरलं, चुरा त्यावर काढला, दार लावलं आणि त्याच्यासमोर बसले.

खाल्ला नाही. तुला वाटेल म्हातारीने एवढं मागवलं आणि नखरे करते. पण बसले तेव्हा कळलं की हे जेवण एकटीने होत नाही. मांडायला दोघं तरी लागतात, एक मोडणारा आणि एक घेणारा. चुरा तर मोडताही येत नाही. फडक्याला चिकटलेला एक कण तेवढा जिभेला लावला. त्याबद्दल आत्ता काही लिहीत नाही. बाकीचा चिमण्यांना घातला. पेटी उशाशी आहे.

मी ईस्टरला येते. काशीचा पुतण्या जितेश कांदे घेऊन कल्याणला जातो, त्याच्या टेम्पोत पुढे बसेन. त्याने विचारलं, "आज्जी, सा तास बसवंल का?" मी म्हटलं, तू गाणी लावलीस तरी मला त्रास नाही.

तुझी आई


अंबरनाथ (प.)
७ एप्रिल २०२५

ती. आई,
सलाम.

या. दगड बसला. पांढरा आहे, साधा. खालची ओळ लहान आहे. बाजूच्या कबरींना लोक चुना लावत आहेत, मी काल आपल्या कट्ट्याला लावला.

चपला मी दारातून आत ठेवल्या आहेत. टाकलेल्या नाहीत. तुम्हाला ओलांडाव्या लागणार नाहीत.

एकच अट आहे. मला मेजाकडे ढकलू नका.

लुदिया


खडकेवाडी
१२ एप्रिल २०२५

लुदिया,
ढकलणार नाही. हात मोडलेला आहे.

आई


अंबरनाथ (प.)
२७ एप्रिल २०२५

ती. आई,
सलाम.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं काशीबाईंनी कळवलं. जितेशला चहाचा थर्मास परत द्यायला सांगा, तो उमाताईंचा आहे.

ईस्टरच्या दिवशी तुम्ही माझ्या शेजारीच होता, तेव्हा काय झालं ते तुम्ही पाहिलं. पण नंतर आवारात जे बोलणं झालं ते तुम्ही ऐकलं नाही. तुम्ही मोगऱ्याच्या कुंडीजवळ बसून अंडं सोलत होता. घरी मला ते तुमच्या कानात ओरडून सांगता आलं नाही. म्हणून लिहिते.

पहाटे कबरींवर मी गायले नाही. तुम्हीही गायला नाहीत. आपण दोघी दगडाकडे बघत होतो. दोन-तीन जणांनी मोबाइलवर स्तोत्र उघडून वाचलं. एका माणसाने वाचून झाल्यावर टोपी काढली आणि आपल्या बाजूला येऊन उभा राहिला. मी त्याला ओळखत नाही. त्याची बायको मागच्या ओळीत आहे, नवा दगड आहे.

मग उपासनेत ताट आलं. मी ते पुढे देणार होते. तुम्ही त्यातला तुकडा उचललात आणि मोडलात. आणि तुम्हाला वाटलं तुम्ही हळू बोललात. आई, सगळ्या चर्चने ऐकलं. "अर्धा घे." पेटीवाल्याचा सूर चुकला.

तुम्ही ढकललं नाही, शब्द पाळला. नुसता हात पुढे धरलात. तो हात केवढा बारीक झाला आहे. हळूहळू खाली येत होता. कडवं संपलं, दुसरं सुरू झालं, तुम्ही हात मागे घेत नव्हता. तुकडा पडेल असं मला वाटलं. पडू नये म्हणून मी घेतला. त्यापेक्षा मोठं काही माझ्या मनात नव्हतं, हे तुम्हाला खरं सांगते. घेतल्यावर तो हातात ठेवून काय करायचं? खाल्ला.

मीठ नव्हतं.

पिठासारखं लागलं. मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही डोळे मिटले होते. मी इकडे तिकडे बघितलं, सगळे चावत होते, शांतपणे, नेहमीसारखे.

बाहेर आल्यावर मी पाळकसाहेबांच्या मिसेसना गाठलं. विचारलं, भाकरीला मीठ नव्हतं का? त्या म्हणाल्या, "आज ना?" मी म्हटलं, हो, आज. त्या दुसरीकडे बघायला लागल्या. तेवढ्यात आमच्या रणपिसेकाकू, ज्यांना कुठलीच गोष्ट पोटात ठेवता येत नाही, त्या म्हणाल्या, "आजचं काय घेऊन बसलीस, जूनपासून नाही." मी म्हटलं, मग कोणी सांगितलं का नाही? काकू म्हणाल्या, "कसं सांगणार, बाई? मीठ कोण घालायचं ते सगळ्यांना माहीत होतं. दर नाताळात तीच सांगत फिरायची, भाकरीत मीठ मी घातलंय म्हणून."

आई, मी विसरले असं मला म्हणवत नाही. मी पीठ घेत होते, दूध घालत होते, तूप घालत होते. मग एक क्षण थांबत होते, हे आता आठवतं. कोणीतरी विचारायचं असतं आणि मी थांब म्हणायचं असतं. कोणी विचारत नव्हतं. मी पुढे मळायला लागत होते.

आणि एवढी माणसं, म्हातारी, मधुमेहाची, नवीन आलेली, सगळी ते महिन्याच्या महिन्याला गिळत होती. प्रभूला फुलं आवडतात म्हणणारी बाईसुद्धा. मी त्यांच्याबद्दल काय काय लिहिलं होतं तुम्हाला. मी खात नाही हेही त्यांना माहीत असणार. खात असते तर कळलं नसतं का मला? त्यांना दोन्ही माहीत होतं आणि दोन्ही त्यांनी ताटाबरोबर पुढे दिलं.

माझा विश्वास आहे की नाही, हे मला अजून सांगता येत नाही. विचारू नका. पुढचा रविवार महिन्यातला पहिला आहे.

लुदिया


खडकेवाडी
१ मे २०२५

प्रिय लुदिया,
सलाम.

मला माहीत होतं. कण जिभेला लावला तेव्हाच कळलं. चिमीची मूठ आठवली आणि उठून दार उघडलं, कोंदायला लागलं म्हणून.

तेव्हाच लिहिलं असतं तर तू मीठ घातलं असतंस, आणि खाल्लं नसतंस.

विश्वासाचं मी विचारत नाही. मलाही कोणी विचारू नये. मार्चमध्ये मी पाळकांना सांगून ठेवलं आहे, आता पाय दुखत नाही.

अकरा तारखेला वर्ष होईल. त्या दिवशी लोक घरी प्रार्थनेला येतील, खुर्च्या गोल करतील. करू दे. बोलणाऱ्यांना बोलू दे. उमाबाईला बोलाव. तिने दिवा लावायचा म्हटला तर लाव म्हण, पाप माझ्या खात्यात.

थर्मास जितेशने फोडला. नवीन घेऊन पाठवते.

तुझी आई


अंबरनाथ (प.)
५ मे २०२५

ती. आई,
सलाम.

थर्मासचं राहू दे. उमाताई म्हणतात, त्याचं झाकण आधीपासून गळत होतं.

शनिवारी पीठ घेतलं. दूध, तूप. थांबले. ओट्याजवळ कोणी नव्हतं. मी मुठीत मीठ घेतलं आणि तशीच उभी राहिले, किती वेळ ते माहीत नाही. हाताला घाम आला. तुम्ही म्हणालात तसं बोटांना चिकटतं खरं. मग मूठ उघडली.

काल ताट माझ्यापर्यंत आलं. मी एक तुकडा घेतला आणि पुढे दिलं.

मीठ जास्त झालं होतं. पाळकसाहेबांना आशीर्वादाच्या मध्येच खोकला आला. दारातून बाहेर पडायच्या आत पाच जणांनी मला सांगितलं. रणपिसेकाकूंनी दोनदा सांगितलं.

लुदिया